तुळयांवरची धूळ

१

वेल्डिंगची चिठ्ठी नव्हती, एवढ्या एका गोष्टीवर गावात सगळ्यांचं एकमत होतं.

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ऑर्मसन सॉ मिलचं छप्पर उडालं. तिघं जागच्या जागी गेले. करवतीवरचा लिरॉय पँक्राट्झ, साफसफाईच्या टोळीतला नछत्तर सिंग आणि वेल्डर विल्फ अ‍ॅलेक. विल्फ करवतींच्या खालच्या तळघरात सापडला. शेजारी त्याच्या गॅस कटरची गाडी होती. मिलमध्ये कटर पेटवायचा तर फोरमनच्या सहीची चिठ्ठी लागते, आणि त्या दिवशीच्या पानावरची चिठ्ठी फाडलेलीच नव्हती. म्हणजे विल्फनं कुणाला न विचारता कटर लावला, ठिणगी भुशावर पडली आणि खेळ खलास. शुक्रवारी सकाळी दुकानात कॉफी पिताना लोक हेच बोलत होते. रविवारी कुणीतरी विल्फच्या घरासमोरच्या बर्फात बुटाच्या टाचेनं भलंमोठं 'खुनी' लिहून गेलं.

प्रांताच्या कामगार सुरक्षा कार्यालयातली मार्लिस ड्यूक बुधवारी गावात पोचली. बावीस वर्षं ती उत्तरेकडच्या मिली तपासत आली होती. या मिलशी तिची चांगली ओळख होती, म्हणून तर तिला पाठवलं होतं. थंडी उणे एकतीस. श्वास घेतला की नाकातले केस चिकटत होते.

मॅनेजर रॉस ट्रेमबाथ मिलच्या आवारातल्या एका तात्पुरत्या खोलीत बसला होता. आठवडाभर झोप नसलेल्या माणसाचा चेहरा. त्यानं तिच्यापुढे चिठ्ठ्यांचं पुस्तक सरकवलं.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, मिसेस ड्यूक. पण हे बघा. कोरं आहे."

"विल्फ किती वर्षं होता तुमच्याकडे?"

"सतरा."

"सतरा वर्षांत कधी चिठ्ठीशिवाय कटर लावला होता?"

"माणूस एकदाच चुकतो ना." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आणि धूळ म्हणाल, तर स्फोटाच्या दहा दिवस आधी तुम्ही स्वतः इथे होतात. तुमच्याच अक्षरात लिहिलंय, जमीन स्वच्छ."

ते खरं होतं. जमीन इतकी स्वच्छ होती की मार्लिसला तेव्हा बरं वाटलं होतं. नाताळनंतर लगेच कुणी एवढी मेहनत घेत नाही.

"साफसफाईचं रजिस्टर दाखवा," ती म्हणाली.

"जळालं."

फोरमनची केबिन मिलच्या पश्चिम टोकाला होती. मार्लिस स्वतः तिथे गेली. काच फुटली होती, टेबल उलटं पडलं होतं, पण भिंतीवर ट्रॅक्टरच्या चित्राचं कॅलेंडर जसंच्या तसं होतं. कडासुद्धा तपकिरी झाल्या नव्हत्या. कॅलेंडरशेजारी एक खिळा. त्यावर वर्षानुवर्षं रजिस्टर लटकत आलेलं तिनं पाहिलं होतं.

खिळ्याला आता दोन बोटं लांबीची सुतळी तेवढी लोंबत होती. रजिस्टर जळालं नव्हतं. ते नेलं होतं.

२

तळघरात तिला ओले स्टेनरूड घेऊन गेला. ओले एरवी शाळेची बस चालवायचा, पण गावातल्या आगीच्या बंबाचाही तोच मुख्य.

"सांभाळून, बाई. इथे आता बर्फाचं मैदान झालंय. स्केट्स आणायला हवे होते." तो बोलला आणि मग आपल्याच विनोदाची लाज वाटून पुढे उतरू लागला.

आग विझवायला मारलेलं पाणी त्या थंडीत तासाभरात गोठलं होतं. करवतींचे पाय, पट्टे, शिड्या, सगळं काचेत घातल्यासारखं. एका कोपऱ्यात विल्फची गाडी तशीच बर्फात चिणलेली होती. दोन्ही सिलिंडर आणि त्यांच्यावरचा पाइप.

"ओले, सिलिंडरच्या चाव्या कुणी बंद केल्या?"

"कुणी म्हणजे?"

"तुमच्यापैकी कुणी?"

"बाई, इथे सिलिंडर आहेत हे मला शनिवारी कळलं, बर्फातून दिसले तेव्हा. तोवर आम्ही माणसं शोधत होतो. चाव्या कोण बघतो?"

त्यांनी गरम हवेचं यंत्र आणून तासभर बर्फ वितळवला. मार्लिसनं हातमोजा काढून पहिली चावी फिरवून पाहिली. घट्ट बंद. दुसरीही तशीच. पाइप जळून काळा पडला होता, पण गुंडाळी सुटलेली नव्हती. व्यवस्थित चार वेढे घालून गाडीच्या हुकाला अडकवलेला.

"स्फोटात सापडलेला माणूस उठून चाव्या बंद करत नाही," ती म्हणाली. "पाइपही गुंडाळून ठेवत नाही. आणि नंतर कुणी हात लावायचा तर आधी हा बर्फ फोडायला हवा होता. हा कटर पेटलाच नव्हता, ओले."

"मग विल्फ इथे काय करत होता?"

उत्तर तीन हातांवर होतं. बर्फात अडकलेलं एक रुंद फावडं, आणि एक पोतं. एक बाजू जळालेली, दुसरी शाबूत. अर्ध्यापर्यंत बारीक भुसा भरलेला, आणि तोंड नीट बाहेरच्या बाजूनं दुमडलेलं, चालू कामात माणूस दुमडतो तसं.

मार्लिस तिथेच उकिडवी बसली. नियम तिला तोंडपाठ होता, कारण तो लिहिणाऱ्यांत तीही होती. कटर लावायचा तर आधी चारी बाजूंनी पस्तीस फूट जागा साफ करायची. मग फोरमनला बोलवायचं. त्यानं डोळ्यांनी बघायचं. मगच चिठ्ठी फाडायची.

"चिठ्ठी नव्हती," ती सावकाश म्हणाली, "कारण चिठ्ठीची वेळच आली नव्हती. तो अजून झाडत होता."

ओलेनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. विल्फच्या घरासमोरची ती बर्फातली अक्षरं फावड्यानं खरवडायला तोच गेला होता.

विल्फ जिथे झाडत होता तिथेच वर पट्ट्याचं एक बेअरिंग होतं. त्याच्या झाकणाचा तुटलेला कान जोडायला त्याला बोलावलं होतं. मार्लिसनं विजेरी मारली. पोलाद निळंजांभळं पडलं होतं. कित्येक दिवस ते आतल्या आत तापत असणार, आणि खाली साचलेला भुसा निखाऱ्यासारखा धुमसत असणार. ढीग कधीतरी हलला. विल्फच्या फावड्यानं हलला की आपोआप ढासळला, ते आता कधीच कळणार नव्हतं. एक भडका उडाला.

"म्हणजे सापडलं की!" ओले म्हणाला.

"नाही सापडलं. या भडक्यानं फार तर विल्फच्या भुवया जळाल्या असत्या. हात पोळले असते." तिनं विजेरी वर केली. दोनशे फुटांवर, मिलच्या पार दुसऱ्या टोकाला, छपराच्या जागी पांढरं आभाळ दिसत होतं. "ते छप्पर कुणी उडवलं?"

३

फोरमन स्टॅन ह्रिकन आपल्या स्वयंपाकघरात बसला होता. दोन्ही कानांचे पडदे फाटलेले, म्हणून तो ओरडून बोलत होता. बायको दर दोन वाक्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवत होती.

"तू ओरडू नकोस, मार्लिस, मी ओरडतो!" तो म्हणाला. त्या दोघांची वीस वर्षांची ओळख. "विचार काय विचारायचंय ते."

"किती आवाज आले?"

"दोन."

"नक्की?"

"पहिला असा, कुणीतरी पिकअपचं दार आपटावं तसा. मी म्हटलं, आता हे काय? एवढं म्हणून झालं. वर पाहिलं. आणि मग…" त्यानं हात पसरले.

"आवाज खालून आला, आणि तू वर का पाहिलंस?"

स्टॅननं बायकोकडे पाहिलं. तिनं मान वळवली.

"बर्फ पडत होता म्हणून."

"बाहेर?"

"आत, मार्लिस. मिलच्या आत. अख्ख्या मिलमध्ये बर्फ पडत होता."

मार्लिसची पेन्सिल थांबली. पहिल्या दणक्यानं तुळया हादरल्या, आणि त्यांच्यावर जे काही होतं ते खाली सुटलं. पिठासारखी धूळ हवेत तरंगली, कणाकणाभोवती हवा. त्यात खालून ज्योत आली. पहिला स्फोट खोलीभर असतो. दुसरा इमारतीएवढा. त्यात हे लाकूड किड्यानं मारलेल्या पाइनचं. ही झाडं उभ्या उभ्या सात-आठ वर्षं वाळतात, त्यांच्या भुशात ओलावा नावालाही नसतो.

"स्टॅन, तुळयांवर एवढी धूळ होती?"

"मी कुठे शिडी घेऊन फिरतो?"

"रजिस्टरमध्ये काय होतं?"

"सात तारीख, शनिवार. संपूर्ण मिल साफ. साफसफाईच्या टोळीतल्या करनैल सिंगची सही." त्यानं चहाचा कप उगाच फिरवला. "संपूर्ण म्हणजे संपूर्ण."

"साफ केलं कशानं? धूळ ओढून घेणारं यंत्र तर नोव्हेंबरपासून बंद आहे. पाण्याच्या नळ्या थंडीत बंद ठेवता तुम्ही."

स्टॅनला एकाएकी काही ऐकू येईनासं झालं. तो कानाला हात लावून "काय? काय म्हणालीस?" करत राहिला. मार्लिसनं तोच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्या वेळी त्याची बायकोच उठली. तिनं मार्लिसचा कोट आणून दिला.

"त्यांना आता आराम करू द्या," ती म्हणाली. आणि दारात, हळूच, "करनैलला विचारा. पण त्या बिचाऱ्याला रागावू नका."

४

मिलचा पूर्वेकडचा एक कोपरा आगीतून वाचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलेनं तिथे शिडी लावून धरली, आणि अठ्ठावन्न वर्षांची मार्लिस एकेक पायरी चढून तुळईपर्यंत पोचली.

बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच एखाद्या मिलच्या तुळईपाशी उभी होती. हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं शिडी घट्ट धरली.

धूळ चार बोटं जाड होती. तिनं पट्टीनं एक काप घेतला. केकच्या तुकड्यासारखा तो पट्टीवर उभा राहिला. त्यात थर होते. फिकट जाड थर, मग तेलकट काळसर बारीक रेघ, पुन्हा फिकट थर. रोजची धूळ जशी बसते तशी ती काळसर रेघ होती. फिकट थर मात्र एकदम, एका दिवसात येऊन पडल्यासारखे जाड होते. तिनं मोजले. चार.

"ओले, धूळ आपोआप बसली तर एकसारखी बसते की नाही?"

"आमच्या घरात तरी एकसारखीच बसते."

"ही चार वेळा कुणीतरी वर चढवलीय."

खाली उतरून ती पुन्हा फोरमनच्या केबिनमध्ये गेली. रजिस्टर कुणी नेलं असावं याचा ती कालपासून विचार करत होती. ट्रेमबाथला ते नाहीसं होणं सोयीचं होतं. पण ट्रेमबाथच्या खिशात कायम चाकू असायचा. त्यानं सुतळी कापली असती. स्टॅनला ती गाठ पाठ होती, त्यानंच ती मारली होती. त्यानं सोडली असती.

तिनं सुतळीचा तुकडा खिळ्यावरून काढून उजेडात धरला. टोक कापलेलं नव्हतं, सोडलेलं नव्हतं, ओढून तोडलेलंही नव्हतं. धागे चपटे होऊन एकमेकांत चिकटले होते आणि त्यांवर एक चमकदार, गोठलेला थेंब होता.

कुणीतरी ती दातांनी तोडली होती.

धडधाकट हातांचा माणूस सुतळीला तोंड कशाला लावेल? ज्याला हात आहेत पण वापरता येत नाहीत, तोच लावेल. ती गाडीत जाऊन बसली. दोन्ही हात कोपरांपर्यंत भाजलेला, तीन दिवसांत इस्पितळातून घरी आलेला असा एकच माणूस गावात होता.

५

करनैल सिंगच्या बायकोनं, गुरमेजनं, दार उघडलं आणि काही न विचारता ती चहा ठेवायला आत गेली. करनैल सोफ्यावर होता. पट्ट्या बांधलेले दोन्ही हात मांडीवर उशीवर ठेवलेले. तीस वर्षं तो या मिलमध्ये होता, त्यातली एकोणीस नछत्तरबरोबर एकाच टोळीत.

"शालीखाली आहे, मॅडम," तो म्हणाला. "घ्या तुम्हीच. मला देता यायचं नाही."

रजिस्टरच्या कडा त्याच्या कोपरांच्या दाबानं मुडपल्या होत्या. मार्लिसनं ते उघडलं नाही.

"का नेलंत, सिंगजी?"

"जाळायला." त्यानं हात जरासे उचलले. "मग कळलं, आगपेटी धरता येत नाही. गुरमेजला सांगितलं, तू पेटव. ती म्हणाली, या घरात आता काडी पेटणार नाही."

आत कपबश्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"शनिवारी काय केलंत?"

"साफ केलं. माझी सही आहे ना. आम्ही सहा माणसं. अख्खी मिल, एका दिवसात. झाडूनं ते महिन्यात झालं नसतं. पाणी नाही, यंत्र नाही. स्टॅन म्हणाला, हवा मारा."

"हवेचा पाइप?"

"हो. कोपऱ्याकोपऱ्यातून हवा मारली. जमीन अशी लखलखली, मॅडम, की नछत्तर म्हणाला, इथे आता लग्नाची पंगत बसवू. नाका-तोंडाला कपडा बांधला होता. समोरचा माणूस दिसत नव्हता."

"मग ती धूळ गेली कुठे?"

"कुठे जाणार? वर."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला धूळ ठाऊक होती. धूळ अशी फुटते, हे नव्हतं ठाऊक. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगायचे ते एवढंच, जमीन दिसली पाहिजे. जमीन."

"एवढी घाई कसली होती? थंडी कमी झाल्यावर पाण्यानं करता आलं असतं."

करनैलनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मार्लिसला नंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

"तुमच्यासाठी, मॅडम," तो म्हणाला. "सोमवारी तुम्ही येणार होतात."

६

रजिस्टरमध्ये दोन वर्षांत 'संपूर्ण मिल साफ' अशा चार नोंदी होत्या. चारही शनिवार. मार्लिसनं गाडीत बसून आपली डायरी उघडली आणि त्यांच्या पुढचे सोमवार पाहिले. चारही तिच्या भेटीचे.

ती दर वेळी आधी फोन करायची. रस्ते वाईट, जाऊन फाटकात कुणी भेटलं नाही तर दिवस फुकट जायचा. सगळेच निरीक्षक करायचे. ती यायची, जमीन बघायची, कागदावर 'जमीन स्वच्छ'पुढे टिकमार्क करायची आणि तिच्या डोक्यावर एक थर वाढलेला असायचा. कुणी कट केला नव्हता. ट्रेमबाथनं स्टॅनला सांगितलं, जमीन दिसू दे. स्टॅननं करनैलला सांगितलं, हवा मार. करनैलनं मारली. आणि तिनं वर पाहिलं नाही. चौघांपैकी प्रत्येकानं आपलं काम केलं होतं, आणि विल्फ अ‍ॅलेकनं तर नियमाप्रमाणे केलं होतं.

तिनं सगळं लिहून काढलं. आपलं नावही. शुक्रवारी सकाळी वरिष्ठ कॅमरन लिलचा फोन आला.

"मार्लिस, वेल्डरबद्दलचा भाग उत्तम झालाय. पण फोन करून जाण्याचा परिच्छेद… तो आपल्यालाच अडकवतो."

"अडकवतोच. म्हणून तर लिहिलाय."

"वकील बघतील."

"बघू देत. पण आजच्या आज सगळ्या मिलना एक पानभर पत्र जाऊ दे. तुळया बघा, हवा मारू नका. एवढंच. या प्रांतातल्या प्रत्येक मिलमध्ये तेच लाकूड आहे, कॅमरन."

"पत्र गेलं म्हणजे आपण मान्य केलं असं होतं. तेही वकिलांकडेच जाईल. आणि हे बघ, तुझंच नाव यात आलंय म्हटल्यावर तू या तपासात राहू शकत नाहीस. ओळखपत्र आणि कागद तिथल्या पोलिस चौकीत ठेव. सोमवारी दुसरा माणूस येतोय."

"सोमवारी," मार्लिस म्हणाली. "मिलला कळवलंत?"

"हो. रस्ते वाईट आहेत ना."

चौकीत ओळखपत्र टेबलावर ठेवून ती डोरीन अ‍ॅलेककडे गेली. विल्फची बायको वस्तीच्या हॉलमध्ये होती. दुपारी त्याच्या नावाचं जेवण होतं. मोठ्या पातेल्यात मूस हरणाचं मटण रटरटत होतं आणि डोरीन पिठाच्या गोळ्याला बुक्क्या मारत होती.

मार्लिसनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चाव्या, फावडं, पोतं. मग तुळया. मग चार सोमवार. डोरीनचे हात एकदाही थांबले नाहीत.

"म्हणजे तो झाडत होता," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"घरात कधी झाडू हातात धरला नाही त्यानं." तिनं मनगटानं डोळे पुसले, गालावर पीठ लागलं. "आणि तू वर पाहिलं नाहीस."

"नाही."

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं त्यानं केलं नाही ते. तासाभरात इथे दोनशे माणसं येतील. त्यांच्यात दुकानात कॉफी पिणारेही असतील. त्यांच्यासमोर उभी राहा आणि सांग. सगळं सांग. तुझंसुद्धा."

७

मार्लिस बोलली. माइक नव्हता, पण कुणी चमचासुद्धा वाजवला नाही. मागच्या रांगेत स्टॅन कानामागे हात धरून उभा होता. त्याची बायको प्रत्येक वाक्य त्याला पुन्हा सांगत होती. ट्रेमबाथ आला नव्हता. करनैल आला होता. बोलणं संपल्यावर डोरीन त्याच्यापाशी गेली, त्याच्या शेजारी बसली आणि त्याला चमच्यानं भरवू लागली. त्यानं दोन घास घेतले आणि मग तोंड बाजूला केलं.

मधल्या टेबलावरून एक बाई उठली. योलांड जोसेफ. तिचा नवरा क्लिफ साठ किलोमीटरवरच्या ग्रासी फ्लॅट्सच्या मिलमध्ये होता.

"आमच्या मिलमध्ये तुळयांवर कुणी बघितलंय?"

"मला माहीत नाही," मार्लिस म्हणाली.

"तिथे तुम्हीच जाता ना?"

"हो. नाही बघितलं."

"त्यांना कुणी कळवलंय? आत्ता, या आठवड्यात?"

"नाही."

योलांडनं घड्याळ पाहिलं. सव्वाएक. तिनं खुर्चीवरचा कोट उचलला आणि बटणं न लावता बाहेर गेली. मग दुसऱ्या टेबलावरून एक उठली. मग दोघी. बाहेर गोठलेली इंजिनं खाकरत सुरू होऊ लागली. मार्लिसही निघाली. ओलेनं त्याची शिडी तिच्या गाडीच्या टपावर बांधली आणि स्वतः शेजारी बसला.

ग्रासी फ्लॅट्सच्या फाटकात मॅनेजर हेल्मट ब्रॉयर आडवा उभा राहिला. त्याच्या मागे मिल चालू होती, करवतींचा आवाज जमिनीतून तळपायांपर्यंत येत होता.

"ओळखपत्र?" तो म्हणाला.

"माझ्याजवळ नाही आज. पण हेल्मट, पाच मिनिटं. एक शिडी लावू दे."

"ओळखपत्राशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, हा तुमच्याच कार्यालयाचा नियम आहे. आणि सोमवारनंतर तुमचा माणूस इकडेही येणार आहे म्हणे. आम्ही उद्यापासून साफसफाई काढलीच आहे."

"हवा मारू नका!" मार्लिस ओरडली. "ऐकतोयस? काहीही करा, हवा मारू नका!"

"ओरडू नका," तो म्हणाला. "कामगार बघताहेत."

तिनं कार्यालयाला फोन लावला. वाजत राहिला. पोलिसांना लावला. ते म्हणाले, स्फोट झालाय का?

अडीचच्या सुट्टीत क्लिफ जोसेफ फाटकापाशी आला. नारिंगी जाकीट, भुवयांवर पांढरी भुकटी. योलांडनं जाळीतून त्याची बाही धरली.

"घरी चल."

"वेडी झालीस का? सगळ्यांसमोर?"

"क्लिफ, वर तुळयांवर धूळ आहे. विल्फ त्यानं गेला."

"मला सांगतेस वर काय आहे ते?" तो आवाज चढवत नव्हता. "अकरा वर्षं बघतोय. कधी कधी एखादा पापुद्रा आपोआप सुटतो, डोक्यावर पडतो, आम्ही टोपी झटकतो. मी आत्ता बाहेर पडलो तर उद्या माझ्या जागेवर दुसरा असेल. त्याच धुळीखाली. त्याचीही बायको असेल."

"मग सगळेच बाहेर या."

क्लिफनं मागे पाहिलं. दारात सात-आठजण उभे होते, सिगारेट न पेटवता नुसती ओठांत धरून. कुणी पुढे आलं नाही. एक म्हातारा कामगार मात्र हळूहळू चालत आला, त्यानं हेल्मटच्या हातात हातमोजे ठेवले आणि तो फाटकाबाहेर पडला. त्याच्यामागे कुणीच आलं नाही. भोंगा वाजला. क्लिफनं योलांडची बोटं एकेक करून जाळीतून सोडवली आणि आत गेला.

योलांड गाडीत जाऊन बसली. तिनं गाडी मिलच्या तोंडाकडे वळवून उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. बाकीच्या तिघींनीही आपापल्या गाड्या तिच्या शेजारी लावल्या. मार्लिस आणि ओलेही थांबले. मध्येमध्ये काचांवरची वाफ पुसायची, आणि छपराकडे बघायचं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. छप्पर हललं असतं तरी त्यांना फक्त ते दिसलं असतं.

चारला पाळी सुटली. क्लिफ बाहेर आला, गाडीत बसला. योलांडनं त्याच्या टोपीवरची धूळ खिडकीबाहेर झटकली आणि ते गेले. उरलेल्या दोघींचे नवरेही आले. चौथीचा भाऊ आला.

तोवर दुसऱ्या पाळीची माणसं फाटकातून आत जाऊ लागली होती, हातात डबे, थंडीनं खांदे वर ओढलेले. त्यांना सोडायला आलेल्या गाड्या एकामागून एक वळून रस्त्याला लागल्या. त्यांतल्या दोन वळल्या नाहीत. त्या हळूहळू मागे आल्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या जागांवर मिलकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दिवे मालवले.